सात नंबरचं कपाट

मे महिन्यात, कूलरची खस दुपारीच कोरडी पडते तेव्हा
प्रज्योत ठवकर लॅपटॉप घेऊन आला
आणि म्हणाला, मॅडम, अकरा हजार पुस्तकं
हे मॉडेल आपोआप लावून देते.
आधी फक्त थोडी दाखवावी लागतात त्याले :
ही कादंबरी, हे आरोग्य, ही कविता.
लेकराले बोट धरून दाखवतो नं, तसं.

मी जुनी दाखल नोंदवही काढली.
डबीर सरांचं अक्षर, तिरकं, निळ्या शाईचं,
महालातल्या या वाचनालयात एकवीस वर्षं,
एकाही ओळीत खाडाखोड नाही.
त्यातल्या दोन हजार नोंदी मी टाइप केल्या,
जशाच्या तशा.
प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती
आणि मला कुठे वेळ होता.

चार दिवस ते शिकून राहिलं होतं.
पाचव्या दिवशी त्यानं
संत्र्याच्या लागवडीचं पुस्तक कवितेत टाकलं.
आंबिया बहर, मृग बहर,
फूल धरणं, फूल गळणं,
झाडाला ताण द्यावा, मग पाणी सोडावं,
चूक तरी कशी म्हणायची?
प्रज्योतनं टाळी वाजवली,
बे, हे तर बहरात आलं!

मग बाबांचं आलं.

चौसष्ट पानं, गंजलेल्या दोन पिना,
गिरणीच्या शेवटच्या हिशोबातून छापलेलं.
मुखपृष्ठावर अनुस्वार उडालेला : सोमा रगारी.
आत प्रत्येक ओळ अर्ध्यात तुटलेली,
बोलताना त्यांना दम लागायचा तशी.
पडद्यावर अक्षरं उमटली :
सामाजिक समस्या, एक्क्याण्णव टक्के.
कविता, चार.

कशावरून, मी विचारलं.
प्रज्योतनं शब्द रंगवून दाखवले,
जितका गडद तितका जबाबदार.
वस्ती. नळ. भोंगा. रातपाळी. माय.

माय सगळ्यात गडद.

त्या रात्री नोंदवही घरी नेली, इंदोऱ्याला,
स्कूटीच्या डिकीत मावेना म्हणून पायाशी ठेवून.
ज्या पुस्तकात आई होती
ते ललित, ते कविता, ते आत्मकथन,
तिसरं कपाट, चौथं कपाट, खिडकीजवळ.
ज्यात माय होती ते सात नंबर,
जिन्याखाली.
डबीर सर वाईट माणूस नव्हते.
माझ्या लग्नात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं,
ते अजून बरोबर वेळ दाखवतं.
आणि त्यांच्यानंतर सहा वर्षं
मीच ठेवत आले ना पुस्तकं तिथे,
बाबांचंही,
क्रमांक पाहून,
धूळ झटकून, नीट.

मॉडेलनं नवीन काहीच केलं नव्हतं.
ते आमच्या हातांकडे पाहून राहिलं होतं.

तीनशे बारा पुस्तकं जिन्याखालून वर आणली.
शिपाई गेडाम म्हणाला, आता काय ताई, वाचनालय हलवता का?
एकेकाची चार-पाच पानं वाचली,
काहींची सगळी, डबा तसाच राहिला.
एक खरोखरच समस्यांचं निघालं,
पाणीपुरवठ्याचा कुठला तरी अहवाल,
त्याला खाली परत पाठवलं.
बाकीच्यांना नवीन खुणा दिल्या
आणि प्रज्योतला म्हटलं, पुन्हा शिकव.

सकाळी आकडा आला.
कविता, अठ्ठावन्न. समस्या, सदतीस.
उरलेले पाच शेती.
शेती?
कापूस हा शब्द आला ना, मॅडम, सोळा वेळा.
बाबांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती.
त्यांना ठाऊक होता तो कापूस
खात्यात उडणारा, भुवयांवर बसणारा,
घरी आल्यावर माय फुंकर मारून काढायची तो.

अठ्ठावन्न काही पास होण्यासारखे मार्क नाहीत
असं प्रज्योतचं म्हणणं.
आमच्या घरात अठ्ठावन्नला पेढे वाटले असते.

मी कण्यावर चिठ्ठी चिकटवली, चौथं कपाट,
आणि मुखपृष्ठावरच्या र वर
पेनानं एक टिंब दिलं.

संत्र्याचं पुस्तक अजून शेजारीच आहे.
ते दुरुस्त करू का, प्रज्योतनं दोनदा विचारलं.
करू, म्हटलं. बहर संपू दे.